पाव्हणं कुणीकडचं?

इंटरनेटवरच्या कुठल्याही मराठी गप्पांत शिरून 'मी आष्टीचा' असं लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणती आष्टी? प्रश्न रास्तच आहे. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांची. मोहोळ तालुक्यातली आष्टी म्हणजे जिथे १८१८ च्या फेब्रुवारीत बापू गोखले पडले ती. जालन्यात परतूरजवळ एक आहे, गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक. बीड जिल्ह्यातली आमची आष्टी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटत नाही. त्यामुळे दुसरा शेरा येतो : 'म्हणजे ती ऊसतोडवाली?' मग तिसरा कुणीतरी 'कड्याला कांद्याचा काय भाव चाललाय?' असं विचारतो आणि गप्पा मार्गी लागतात.

प्रत्यक्ष आष्टीत अनोळखी माणसाला विचारायचे प्रश्न वेगळे, पण क्रम तितकाच पक्का. कुणीकडचं पाव्हणं? कुणाकडं आलात? आडनाव काय? चौथ्या प्रश्नाची गरज सहसा पडत नाही. गाव आणि आडनाव यांच्या बेरजेतून जात, सोयरीक, मागच्या निवडणुकीत कुणाकडे होता आणि आता त्याच्याशी किती मोकळं बोलायचं, हे सगळं चहा येईपर्यंत निघालेलं असतं. बसस्थानकाबाहेरच्या कुठल्याही हॉटेलात बसून हे ऐकता येतं. चौकशी प्रेमाची असते आणि हिशेबाचीही.

अनोळखी माणूस हा या तालुक्याला नवा प्राणी नाही. हैदराबाद संस्थान होतं तोवर आष्टी निजामाकडे आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांकडे. बाजारहाट, सोयरीक, दवाखाना यांसाठी माणसं ही हद्द ओलांडत राहिली. तालुक्यात सावरगावच्या डोंगरावर मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांचं स्थान. तिथे नाथपंथी, डवरी, भराडी कुठून कुठून येतात. दसरा-दिवाळीनंतर इथल्या टोळ्या कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने स्वतःच अनोळखी होऊन राहतात. २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंत ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि अनोळखी माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणखी एक सोय झाली. त्या गाडीत आधी वाद व्हायचा तो एकाच विषयावर : ही गाडी बीडला कधी पोचणार? १७ सप्टेंबर २०२५ ला ती पोचली, तेव्हा एक हक्काचा विषय गेला.

अनोळखी माणसाशी मस्करी करणं आणि वाद घालणं या दोन्हींची आपल्याकडे रीतसर तालीम होती. सर्वांत रंगतदार तालीम कलगी-तुऱ्याची. परंपरा अशी सांगते की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा चंदेरीच्या राजापुढे वाद रंगला आणि राजाने खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. तुरेवाल्यांनी शिव, पुरुष, ब्रह्म यांना थोर म्हणायचं. कलगीवाल्यांनी शक्तीला, मायेला. शाहिराच्या डफावर तुरा आहे की कलगी, यावरून त्याची बाजू कळायची. एका फडाने कूट घालायचं, दुसऱ्याने त्याच चालीत ते सोडवायचं आणि वर नवं कूट टाकायचं. रात्र सरेपर्यंत हे चालायचं. हरला त्याच्या डफाचं मानचिन्ह उतरवून घेत, असंही सांगतात. आणि हे नुसतं अध्यात्म नव्हतं. समोरच्या शाहिराचा गुरू, त्याचं गाव, त्याचा आवाज, त्याची बायको, काही सुटायचं नाही.

यात आडनावं लपवलेली नव्हती, हे लक्षात घेतलं पाहिजे. रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण, होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा कारंजकर शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. कोण कोणाचा, हे पेशवाईतल्या प्रेक्षकांना ठाऊक होतं. तरी खेळ चालला. म्हणजे अनोळखी माणसाशी नीट भांडता यावं म्हणून दोघांनी मुखवटे घालायलाच हवेत, असं काही नाही. मग हवं काय? मला वाटतं, त्या फडाचं रहस्य समोर बसलेल्या गर्दीत होतं. ती गर्दी एकच होती. तुरेवाल्यांचे श्रोते एका गल्लीत आणि कलगीवाल्यांचे दुसऱ्या गल्लीत, असा प्रकार नव्हता. दोन्ही बाजूंचा टोला त्याच माणसांपुढे पडायचा, त्याच माणसांच्या हशाने तोलला जायचा आणि त्याचं उत्तर त्याच माणसांपुढे लगेच द्यावं लागायचं.

एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' याच कुळातला. सोळाव्या शतकात, पैठणला बसून लिहिलेला. त्यातला हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या देवांची, विधींची, खाण्यापिण्याची अशी काही खिल्ली उडवतात की आज कुणी ते आपल्या भिंतीवर चढवलं तर संध्याकाळच्या आत ठाण्यात जावं लागेल. आणि तरी शेवट गळाभेटीत होतो. कुणी कुणाला शरण येत नाही. नाथांनी दोघांनाही एकाच संवादात, एकाच वाचकापुढे उभं केलं, आणि एकाने काढलेलं प्रत्येक वर्म दुसऱ्याला फेडायची सोय ठेवली.

तमाशातली गौळणीची मावशी हा आणखी एक नमुना. लुगडं नेसलेला बाप्या प्रेक्षकांतल्या कुणाही परक्या माणसाला उचलून त्याच्या मिशीवरून, फेट्यावरून खेचणार आणि तो माणूस हसणार, कारण शेजारचा हसतोय आणि पुढच्या क्षणी पाळी शेजाऱ्याची आहे. आष्टीकरांना हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. जामखेड शेजारीच आहे. प्रेक्षकांतून येणारा टोमणा झेलून परत मारता येणं ही सोंगाड्याची खरी परीक्षा. त्याला मागाहून विचार करून टंकायची सवलत नसे.

आणि बहुरूपी. फौजदाराचा गणवेश, कमरेला पट्टा, हातात फुटका दंडुका, तोंडात वॉरंटाची भाषा. भर बाजारात तो कुणाच्याही खांद्यावर हात ठेवून 'चला ठाण्यात' म्हणतो, आरोप असा लावतो की ऐकणारे पोट धरतात, आणि शेवटी त्याच आरोपीकडून पाच-दहा रुपये दंड वसूल करतो. रायरंद म्हणतात या लोकांना. त्यांचा सगळा धंदा अनोळखी माणसाची थट्टा करण्याचा. तो फौजदार नाही हे सगळ्यांना माहीत, आपल्याला माहीत आहे हे त्याला माहीत, आणि तरी दोन मिनिटं गाव त्याला फौजदार मानतं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

मराठी माणूस इंटरनेटवर गेला तेव्हा तो हाच संस्कार खिशात घालून गेला. आधी रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे न्यूजग्रुप होते, अमेरिकेतल्या विद्यापीठांत बसलेल्या पोरांचे. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' सुरू केली. २००४ मध्ये 'मनोगत' आलं, २००७ मध्ये तात्या अभ्यंकरांचं 'मिसळपाव', त्याच वर्षी 'उपक्रम', २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. या ठिकाणी माणसं टोपणनावाने राहत. खऱ्या आयुष्यात कोण बँकेत, कोण नासिकला द्राक्षबागेत, कोण न्यू जर्सीत, याचा पत्ता महिनोन्‌महिने लागत नसे. विषय मात्र ठरलेले : परदेशातून परत यावं का, देव आहे का, शुद्धलेखन हवं का, पुणेकर असे का, आणि आरक्षण. शेवटच्या विषयाचा धागा निघाला की पाचव्या-सहाव्या प्रतिसादापर्यंत लोक पॉपकॉर्न घेऊन बसल्याचं लिहायला लागत.

या वस्त्यांनी आपली बोली घडवली. कुणाला डिवचून झाल्यावर 'दिवे घ्या' लिहायचं, म्हणजे मनावर घेऊ नका. भांडण लावून देणारा 'काडी टाकतो'. निरर्थक लिहिणारा 'जिलबी पाडतो'. हसून हसून पुरेवाट झाली की 'हहपुवा'. नुसतं वाचणारे 'रोमात' असतात. एकाच माणसाने दुसऱ्या नावाने येऊन स्वतःचीच पाठ थोपटली तर तो 'डुआयडी', आणि तो कोण हे शोधून काढणं हा स्वतंत्र छंद. मिसळपाववर व्यवस्थापनाच्या सूचनांखाली 'सरपंच' अशी सही असायची. हा विनोद आष्टीसारख्या गावातल्या माणसाला जास्त कळतो, कारण खऱ्या सरपंचाला एवढं ऐकून घेतात असं त्याने कधी पाहिलेलं नसतं.

तिथे जे चांगलं होतं ते फडासारखंच होतं. वाद सगळ्यांसमोर. सकाळी तुम्ही ज्याच्या लेखाची चिरफाड केली, त्याच माणसाच्या पाककृतीवर संध्याकाळी 'करून पाहिली, जमली' असं लिहायची वेळ यायची. वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी रिसॉर्टवर हे सगळे प्रत्यक्ष भेटायचे आणि दगड मारणारा माणूस प्रत्यक्षात बुजरा निघायचा. विडंबन हा तिथला मोठा उद्योग होता. एकाची गंभीर कविता आली की दोन तासांत तिची पाच विडंबनं हजर, आणि मूळ कवीने त्यातल्या बऱ्या विडंबनाला दाद देणं हा तिथला शिष्टाचार.

पण या सगळ्याचं फार कौतुक करवत नाही. कारण तिथे आष्टी नव्हती. म्हणजे आष्टीचा एखादा पोरगा पुण्यात इंजिनियर झाल्यावर तिथे पोचायचा, पण तो लिहायचा पुण्याच्या भाषेत. 'आमच्याकडं असं म्हणतात' एवढीच त्याची मराठवाडी शिल्लक. संगणक, टंकायची सवय, कचेरीतलं फुकटचं इंटरनेट आणि दुपारी मोकळा वेळ, एवढ्या चार गोष्टी ज्यांच्याकडे होत्या त्यांचा तो कट्टा. आडनाव विचारलं जात नव्हतं, हे खरं. पण बहुतेकांनी ते गृहीतच धरलेलं असायचं. वरण-भाताच्या गप्पांत कुणी वेगळ्या ताटाचं काही लिहिलं की क्षणभर जी शांतता पसरायची, त्यात ते आडनाव ऐकू यायचं. प्रेक्षक एकच होता, पण त्यासाठी गाव आधी लहान करून घेतलं होतं.

आष्टी इंटरनेटवर आली ती हातातल्या फोनवरून. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पुढच्या दोनेक वर्षांत उसाच्या फडातल्या कोपीपर्यंत चित्रफिती पोचल्या. इथल्या माणसाने संकेतस्थळांचा टप्पा घेतलाच नाही, तो थेट व्हॉट्सॲपवर उतरला. टोपणनाव घेऊन परक्यांत जाण्याऐवजी त्याने आपल्या ओळखीची माणसं गोळा केली आणि त्यांचे गट केले. गावाचा गट, भावकीचा गट, दहावीच्या बॅचचा, दूध संकलनाचा, कांद्याच्या भावाचा, गणेश मंडळाचा, नेत्याच्या कार्यकर्त्यांचा, वधू-वरांचा. वधू-वरांचे गट अर्थातच जातवार, पण हळूहळू बाकीचेही बरेचसे तसे होत गेले. कुणी ठरवून केलं असं नाही. माणूस मोकळं बोलतो ते आपल्यात. आणि 'आपल्यात' म्हणजे काय, हे इथे आडनावच ठरवतं.

कलगी-तुऱ्याची गोष्ट इथे उलटी झाली. विनोद तोच, टोला तोच. पण कलगीवाले आपल्या गल्लीत तुरेवाल्यांवर हसतात आणि तुरेवाले आपल्या गल्लीत कलगीवाल्यांवर. समोर उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून पुढचा विनोद आधीच्यापेक्षा कडक करावा लागतो. मग एखादा स्क्रीनशॉट काढतो आणि या गल्लीतलं त्या गल्लीत नेऊन टाकतो. नेणारा बहुतेक वेळा दोन्हीकडे बसणारा असतो. या सबंध व्यवहारात सर्वांत कमी बोलणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा हाच.

बीड जिल्ह्याने याची किंमत रोख मोजली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं असताना माजलगावच्या आमदारांच्या नावाने एक ध्वनिफीत फिरली. दोघांतलं फोनवरचं बोलणं सबंध जिल्ह्याच्या कानात गेलं. ३० तारखेला त्यांचं घर जळालं, बीड शहरात आणखी जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद केलं गेलं. पुढच्या वर्षी लोकसभेचा निकाल लागला, बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले, पंकजा मुंडे पडल्या. फरक एवढा बारीक की दोन्ही बाजूंना तो टोचत राहिला. निकालानंतरच्या आठवड्यांत पोस्टी, त्यांवरच्या पोस्टी, मग बंद, मग गुन्हे असा क्रम जिल्ह्यात चालला. एका गावातल्या बैठकीची, दुसऱ्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नका असं सांगणारी चित्रफीतही फिरली. बैठकीत बोलणारा आपल्या लोकांपुढे बोलत होता. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

फेसबुकवर तर आडनाव लपवायची सोयच नाही. एखाद्याने रस्त्यातल्या खड्ड्यावर लिहिलं, तर लोक आधी लिहिणाऱ्याचं नाव वाचतात, मग खड्डा कुणाच्या काळातला ते आठवतात आणि मग प्रतिसाद देतात. खड्ड्याला जात नसते ही समजूत इथे टिकत नाही. मुद्दा खोडायच्या आधी माणूस ओळखायचा, ही बसस्थानकावरचीच सवय आहे. पण बसस्थानकावर ओळख पटल्यावर चहा येतो.

मार्च २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी यावर एक सरकारी तोडगा काढला. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर जिल्ह्यातलं वातावरण जातीवरून तापलेलं होतं. पोलिसांनी एकमेकांना आडनावाने हाक मारायची नाही, पहिल्या नावाने मारायची, असं ठरलं आणि टेबलांवर फक्त नाव असलेल्या पाट्या आल्या. इंटरनेटवरच्या मराठी माणसांनी हौसेनं जे केलं होतं, ते पोलिसांनी हुकमाने केलं. पाट्या पाहून हसणारे हसले. पहिलं नाव घेऊन ठाण्यात गेलेला माणूस 'साहेब मूळचे कुठले?' असं विचारून दोन मिनिटांत बाकीचं काढून घेतो, हे आष्टीत कुणालाही सांगता येईल. तरीही मला तो तोडगा थट्टेचा वाटत नाही. विचारावं लागतं, एवढा अडसर तरी तो घालतो.

गटांच्या अॅडमिनचं काय? गावोगावचे अॅडमिन पोलिसांच्या नोटिशीला घाबरून असतात. निवडणूक, गणपती किंवा जयंती आली की 'फक्त अॅडमिन पोस्ट करू शकतील' अशी कळ दाबून मोकळे होतात. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच दिला आहे. तो बहुतेकांना माहीत नाही, आणि माहीत असता तरी अॅडमिनने मध्ये पडून वाद सांभाळला असता का? शंका आहे. संकेतस्थळावरचा वेबमास्तर निदान 'हा प्रतिसाद वैयक्तिक आहे, काढला' असं सगळ्यांसमोर लिहायचा. व्हॉट्सॲपचा अॅडमिन माणूस काढतो आणि काढलेला माणूस दुपारपर्यंत स्वतःचा गट उघडतो.

सगळंच बिघडलंय असं मात्र नाही. तालुक्यातल्या कड्याच्या कांद्याच्या गटांत मराठा, वंजारी, मुसलमान, धनगर, माळी सगळे असतात, कारण भाव सगळ्यांना एकच मिळतो आणि सगळ्यांनाच कमी वाटतो. तिथली थट्टा ऐकण्यासारखी असते. व्यापाऱ्याची, सरकारची, निर्यातबंदीची आणि चार पैसे जास्त मिळतील म्हणून कांदा ठेवून सडवणाऱ्या गाववाल्याची. ज्याचा सडला तोही तिथेच असतो, तोही उत्तर देतो. कुणीतरी त्यात नेत्याचा फोटो टाकतो, चार जण 'इथं फक्त कांदा' म्हणून दटावतात, फोटो निघतो. हे दटावणारे कुणी नेमलेले नाहीत. त्यांना भाव बघायचा असतो, एवढंच.

आता बहुरूप्याकडे, पण त्याच्यासारख्याच दुसऱ्या भटक्यांच्या वाटेने. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत फोनवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे पाठवायला बंदी घातली. संदेश लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्याला माहीत नव्हतं. त्या लिहिणाऱ्याला त्याने 'कुणीकडचं पाव्हणं?' असं विचारलं नाही. जे समोर उभे होते त्यांना विचारलं, आणि त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही. शतकानुशतकं ज्यांच्या अनोळखी असण्यावर गावाने भाकरी आणि चार पैसे दिले, त्यांचं अनोळखी असणंच गुन्हा ठरलं.

मायंब्याच्या वाटेवर आजही डवऱ्यांची माणसं दिसतात, पण राईनपाड्यानंतर भटक्यांच्या फिरण्याची रीत बदलली. झोळीत ओळखपत्र आलं. नव्या गावात शिरण्याआधी ठाण्यात नोंद करावी, असं त्यांना त्यांचेच कार्यकर्ते सांगतात. रायरंदाचीही यातून सुटका नाही. फौजदाराचा पोशाख पिशवीत ठेवून त्याने आधी खऱ्या फौजदारापुढे उभं राहायचं, आधार कार्ड काढायचं, नाव, आडनाव, गाव, मुक्काम किती दिवसांचा ते लिहून द्यायचं. मग बाहेर येऊन पट्टा बांधायचा आणि बाजारात पहिला भेटेल त्याला अटक करायची.